वाचकांचे प्रश्न : वसतिगृह कुणी, कुणासाठी बांधले?

जून महिना आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वसतिगृहाचा विषय हटकून डोकावतो. यंदा अशी पत्रे इतकी आली, की संपादकांच्या संमतीने या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. उत्तरे देणारा मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक असून, चार वर्षे पुण्यातील एका वसतिगृहात विद्यार्थी म्हणून राहिलो आणि पुढे गोव्यात सहा वर्षे मुलांच्या एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण दाराच्या आतली आणि बाहेरची अशी दोन्ही पक्षपाती मते या उत्तरांत उतरणार आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात राहणार आहे. आमच्या घरात आजवर कोणीही वसतिगृहात राहिलेले नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, की आपल्याकडे गुरुकुले होती आणि वसतिगृह ही इंग्रजांनी आणलेली पद्धत आहे. हे खरे का? (एक पालक, पेडणे)

अर्धे खरे आहे. गुरुकुलात शिष्य गुरूच्या घरी राहत असे, आणि घरात मावतील तेवढेच शिष्य असत. शिकणाऱ्यांची संख्या एका घराच्या चुलीला झेपेनाशी झाली, की वेगळी इमारत, वेगळे कोठार आणि वेगळे नियम लागतात, आणि तिथून वसतिगृह सुरू होते. हा उंबरठा आपल्याकडे बौद्ध विहारांनी फार लवकर ओलांडला. नालंद्याच्या उत्खननात अकरा विहार उघडे झाले आहेत. त्यांचा आराखडा गोव्यातल्या माणसाला ओळखीचा वाटेल : मध्ये मोकळे अंगण, त्याभोवती ओवरी आणि ओवरीला लागून चारही बाजूंनी खोल्या. आपल्या जुन्या घरांतले राजांगण डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे झाले. सातव्या शतकात तिथे अनेक वर्षे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे, की वर्षावासापूर्वी, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामापूर्वी, दरवर्षी खोल्यांचे वाटप नव्याने होई. ज्येष्ठांना चांगल्या खोल्या आधी मिळत आणि मग क्रमाने धाकट्यांचा नंबर लागे. एकाच जागेवर ‘ही माझी’ असा लोभ जडू नये, हा त्यामागचा हेतू होता. खोलीवाटपाच्या यादीपुढे घोळक्याने उभ्या राहणाऱ्या आजच्या मुलांना हे वाचून थोडा धीर यावा. राहणाऱ्यांची संख्या इत्सिंग तीन हजारांहून अधिक सांगतो आणि ह्युएन त्संगचे चरित्र दहा हजार सांगते. आजवर उघड्या झालेल्या खोल्या पाहता इत्सिंगचा आकडा मला अधिक पटतो.

देवळांनीही हे काम केले. विजापूर जिल्ह्यातल्या साळोटगी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, इ.स. ९४५चा शिलालेख आहे. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देवळाशी जोडलेल्या शाळेत राहण्याची सोय केल्याचे, आणि दिवाबत्तीच्या खर्चासाठी जमीन वेगळी तोडून दिल्याचे त्यात नोंदवले आहे. फोंडा महालातल्या देवळांभोवतीच्या अग्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अशी व्यवस्था कशी दिसत असेल हे वेगळे सांगायला नको. बिदरला महमूद गवानने १४७२च्या सुमारास उभारलेला तीन मजली मदरसा तर अजून अर्धामुर्धा उभा आहे, आणि त्यात शिकवण्याच्या दालनांबरोबर विद्यार्थ्यांच्या खोल्याही होत्या.

युरोपातही सुरुवात इमारतीने झाली नाही. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इथले पहिले विद्यार्थी गावात भाड्याच्या खोल्या घेऊन राहत आणि भाड्यावरून घरमालकांशी भांडत. १२३१ मध्ये पोपने पॅरिसच्या विद्यापीठाला खोल्यांची भाडी ठरवण्याचा अधिकार दिला आणि तो डावलला गेल्यास अध्यापन बंद ठेवण्याची मुभाही दिली. वसतिगृहाची कल्पना आली ती गरिबांसाठी. ११८० मध्ये जेरुसलेमहून परतलेल्या लंडनच्या एका सद्गृहस्थाने पॅरिसच्या धर्मार्थ रुग्णालयातील एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांसाठी कायमची राखून दिली. बदल्यात विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने एक काम करायचे होते : रुग्णालयात मरण पावणाऱ्यांच्या अंत्ययात्रेपुढे क्रूस आणि तीर्थजल घेऊन चालायचे. मेसचे बिल भरताना कुरकुरणाऱ्यांनी हा दर एकदा लक्षात घ्यावा. पुढे १२५७ मध्ये रोबेर द सॉर्बोंने गरीब धर्मशास्त्र-विद्यार्थ्यांसाठी जे निवासगृह काढले, त्याचेच नाव आज जगभर विद्यापीठाचे नाव म्हणून घेतले जाते.

गरिबीपाठोपाठ दुसरे कारण आले, ते म्हणजे भीती. १० फेब्रुवारी १३५५ रोजी ऑक्सफर्डच्या एका गुत्त्यात वाईट दारू दिल्याच्या तक्रारीवरून विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात मारामारी झाली. ती तीन दिवस चालली आणि तिच्यात त्रेसष्ट विद्यार्थी व सुमारे तीस गावकरी मारले गेले. शिक्षा म्हणून ऑक्सफर्डच्या नगराध्यक्षाला दरवर्षी त्रेसष्ट पेनी विद्यापीठाला अर्पण कराव्या लागत, आणि हा विधी १८२५ पर्यंत चालला. पंधराव्या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनी गावातील खासगी घरांत राहण्यास मनाई झाली आणि सगळ्यांना एका दाराच्या आत आणण्यात आले. म्हणजे ज्याला खायला घालायचे तो गरीब आणि ज्याला रात्री कोंडून ठेवायचे तो दंगेखोर, अशा दोन विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून वसतिगृहे उभी राहिली. कुठल्याही वसतिगृहाच्या आवारात शिरलो की बांधणाऱ्याच्या मनात यांपैकी कोण होता, हे ओळखण्याची मला खोड लागली आहे.

आता इंग्रजांविषयी. १८५७ मध्ये मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे त्यांनी जी विद्यापीठे काढली, ती परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी कचेरी होती; ऑक्सफर्ड नव्हे, तर लंडन विद्यापीठ हा त्यांचा नमुना होता. विद्यार्थी कुठे राहतो याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. डेक्कन कॉलेजसारखे अपवाद होते. टिळक आणि आगरकर यांच्या चर्चा तिथल्या निवासातच रंगल्या आणि टिळकांची खोली आजही जपलेली आहे. परंतु पालकांजवळ न राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय ही महाविद्यालयांच्या संलग्नतेची अट झाली, ती १९०४च्या विद्यापीठ कायद्याने. त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकले, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे.

तोवर मराठी मुलाचे वसतिगृह म्हणजे माधुकरी आणि वार. सात घरी जेवणाचे सात वार लावायचे, एखादा वार चुकला की त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. ही सोय अर्थातच ब्राह्मण मुलांपुरती होती. ज्याला ओसरीवरही घेत नसत, त्याला वार कोण लावणार? म्हणून मराठी प्रदेशात वसतिगृहाचा खरा इतिहास मी पुण्यापासून नव्हे, तर कोल्हापूरपासून मोजतो. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थीच उरले, तेव्हा त्यांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, शिंपी, सारस्वत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकेका समाजाची वसतिगृहे त्यांनी उभी करवली. जातवार वसतिगृहांनी जात घट्ट झाली, असा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो निराधार नाही. पण खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला दुसरी जागाच नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

त्याच मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी हजर राहिला, परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करण्यास त्याने नकार दिला आणि म्हणून त्याला बोर्डिंगमधून काढण्यात आले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र दळत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला भेट दिली तेव्हा त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एका वसतिगृहाने ज्याला काढले, त्याने पुढे शेकडो मुलांना वसतिगृहात आणले. तेव्हा पेडण्याच्या वडीलधाऱ्यांना सांगावे, की ही पद्धत केवळ इंग्रजांकडून आलेली नाही. निदान तिची पंगत तरी साताऱ्याची आहे.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात लांबलचक बोळ आहे, दोन्ही बाजूंना खोल्या आहेत आणि टोकाला न्हाणीघरे. मजल्यावर पस्तीस मुले आहेत, पण चार जणांखेरीज कुणाची ओळख नाही. सगळी वसतिगृहे अशीच का बांधतात? (एक विद्यार्थिनी, ताळगाव)

स्वस्त पडते आणि लक्ष ठेवता येते, म्हणून. पूर्वी असे नव्हते. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात चौदाव्या शतकात पुरा झालेला एक जुना चौक आहे. त्यात बोळ नाही. अंगणातून ठरावीक अंतरावर जिने वर जातात आणि प्रत्येक जिन्यावर मोजक्या खोल्या उघडतात. तिथला विद्यार्थी आपला पत्ता सांगताना आधी जिना सांगतो. जिन्यावरची आठ-दहा माणसे हे त्याचे शेजार, आणि एवढी माणसे कुणालाही ओळखता येतात. ही पद्धत मोडली ती १८७० मध्ये उघडलेल्या कीबल महाविद्यालयाने, जिथे कमी नोकरांत काम भागावे म्हणून खोल्या बोळाच्या कडेने ओळीत बसवल्या. त्याच सुमारास केंब्रिजजवळच्या गर्टन या मुलींच्या महाविद्यालयानेही बोळच पसंत केला. वेगवेगळे जिने असले तर कोण आले आणि कोण गेले हे कळत नाही, बोळाच्या तोंडाशी एक बाई बसली की सगळे कळते.

तुम्हाला जे जाणवते आहे ते मोजून पाहिलेले आहे. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एकाच विद्यापीठातील दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकात लांब बोळ होता आणि साधारण चौतीस विद्यार्थी एक न्हाणीघर व एक बैठक वापरत. दुसऱ्यात चार ते सहा विद्यार्थ्यांच्या खोल्या एका छोट्या बैठकीभोवती होत्या. दरडोई जागा जवळजवळ सारखीच होती. तरीही बोळातल्या विद्यार्थ्यांना गर्दी अधिक वाटे, ते शेजाऱ्यांना टाळत, आणि वसतिगृहाबाहेर, प्रयोगशाळेच्या प्रतीक्षागृहातसुद्धा, अनोळखी माणसापासून अधिक दूर बसत. कुणाला भेटायचे आणि कुणाला नाही हे आपल्या हाती नसले, की माणूस सगळ्यांनाच टाळतो. तेव्हा चार ओळखी हा तुमचा माणूसघाणेपणा नाही. त्या बोळात तेवढ्याच होतात.

भारतात याहून वेगळा विचार अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाला. लुई कान या वास्तुविशारदाने १९६२ पासून तिथे उघड्या विटांची अठरा वसतिगृहे आखली आणि बोळ जवळजवळ काढूनच टाकला. प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या, मध्ये जिना आणि चहा घेत बसण्याची जागा. जिन्याने वर जाणारा माणूस कुणाला तरी भेटल्याशिवाय खोलीत पोहोचू नये, अशी ती रचना आहे. विटा भुरभुरल्या, छपरे गळू लागली, २००१च्या भूकंपाने भेगा पडल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये यांतली चौदा वसतिगृहे पाडण्याचा बेत जाहीर झाला. जगभरातून विरोध झाल्यावर तो काही आठवड्यांतच मागे घेण्यात आला, पण २०२२ मध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला. मला इथे सोपी बाजू घेता येत नाही. सुंदर इमारत पाडू नये हे खरे, परंतु गळक्या खोलीत चार पावसाळे मी स्वतः काढले आहेत आणि त्या काळात वास्तुकलेविषयी मला फारसे प्रेम वाटले नव्हते.

दुसरे टोकही पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील आवारात सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांसाठी एकच इमारत बांधण्याची योजना होती, आणि तिच्यातल्या बहुतांश खोल्यांना खिडकीच नव्हती. चार्ली मंगर या धनाढ्य गृहस्थाने मोठी देणगी देताना आराखडाही आपलाच असावा, अशी अट घातली होती. खोल्या लहान आणि अंधाऱ्या केल्या म्हणजे मुले बाहेर बैठकीत येतील, असे त्याचे गणित. २०२१ मध्ये विद्यापीठाचा सल्लागार वास्तुविशारद निषेध म्हणून बाहेर पडला आणि २०२३ मध्ये योजना सोडून देण्यात आली. शेजार वाढवायचा म्हणून उजेड काढून घेणे हा कोंडण्याचाच प्रकार झाला.

गोव्यात तर दोन्ही बाजूंना खोल्या असलेला बंद बोळ हा हवामानाशी केलेला अपराध आहे. जून ते सप्टेंबर तिथे वारा फिरत नाही, भिंतींना ओल धरते आणि मुले दोऱ्या बांधून कपडे तिथेच वाळत घालतात. एका बाजूला खोल्या आणि दुसऱ्या बाजूला उघडा व्हरांडा केला तर जागा जरा अधिक लागते, पण वारा आरपार जातो आणि पावसाची मजा पाहायला मुले आपोआप बाहेर येऊन बसतात. आपल्या पूर्वजांनी घराला बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची उघडी ओसरी, काय उगाच ठेवला होता?

प्रश्न : गोव्यात पूर्वी वसतिगृहे होती का? आमच्या लहानपणी तर शिकायचे म्हणजे बेळगाव, नाहीतर मुंबई. (एक ज्येष्ठ वाचक, फोंडा)

होती, आणि आशियातल्या फार जुन्यांपैकी एक आपल्याच जुन्या गोव्यात होते. १५४१ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे जेझुइटांनी चालवलेले सेंट पॉल महाविद्यालय निवासी होते. आशिया आणि आफ्रिकेतल्या निरनिराळ्या प्रदेशांतली मुले तिथे एकत्र राहत. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला तोही तिथेच. आज फक्त दर्शनी भागाची कमान उरली आहे. हा इतिहास सांगताना त्याची दुसरी बाजू झाकता येत नाही. मुलांना धर्मप्रसारक म्हणून तयार करणे हे या निवासाचे उद्दिष्ट होते, आणि तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न त्याच्या खर्चाला लावले होते. साळोटगीला देवळाची जमीन विद्यार्थ्यांच्या दिव्यासाठी होती. इथेही देवळाचीच जमीन विद्यार्थ्यांसाठी गेली, पण देऊळ मोडून. राशोलचे सेमिनार, म्हणजे पाद्री घडवणारे विद्यालय, मात्र सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून आजवर निवासी परंपरेने चालू आहे.

याखेरीज पोर्तुगीज काळात उच्च शिक्षण म्हणजे १८४२ मध्ये सुरू झालेली पणजीची वैद्यकीय शाळा आणि १८५४चे लिसेव हे पोर्तुगीज विद्यालय, एवढेच. मराठीतून किंवा इंग्रजीतून पुढे शिकायचे तर घाट चढावाच लागे. मुंबईला गेलेल्या ख्रिस्ती गोमंतकीयांनी धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावांच्या नावाने कूड काढले. एकेका हॉलमध्ये भिंतीला लागून ओळीने पेट्या, रात्री पेटीशेजारी पथारी, संध्याकाळी एकत्र लादाईन, म्हणजे प्रार्थना. ते मुख्यतः बोटींवर काम करणाऱ्यांसाठी होते, विद्यार्थ्यांसाठी नव्हते. परंतु परक्या शहरात गावाला गाव धरून राहण्याची ती रीत वसतिगृहाच्या सख्ख्या नात्यातली आहे. हिंदू मुले बहुधा गिरगावातल्या नाहीतर बेळगावातल्या नातेवाइकांकडे राहत, आणि नातेवाईक किती प्रेमळ आहेत हे दुसऱ्या महिन्यात कळे.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली आणि १९८५ मध्ये ताळगावच्या पठारावर विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या मुख्य संकुलाचा आराखडा सतीश गुजराल या चित्रकाराचा आहे. तरीही गोव्यात वसतिगृहाची संस्कृती रुजली नाही, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. उण्यापुऱ्या ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात सकाळची बस धरून गेलेला मुलगा संध्याकाळी शीतकडीला घरी असतो. त्यामुळे इथल्या वसतिगृहांत काणकोण-सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतली आणि परराज्यांतली मुलेच अधिक दिसतात. २००४ मध्ये झुआरीनगरला बिट्स पिलानीचे पूर्णपणे निवासी संकुल सुरू झाल्यापासून तर देशभरची मुले येतात. अर्धा गोवा बाहेर जाऊन वसतिगृहात राहतो आणि गोव्याची वसतिगृहे बाहेरच्यांनी भरतात.

प्रश्न : बोर्डिंग, हॉस्टेल, वसतिगृह, डॉर्मिटरी यांत फरक काय? (एक शिक्षक, साखळी)

आज व्यवहारात फारसा नाही. बोर्डिंग या शब्दात जेवण अभिप्रेत आहे, म्हणून जुन्या संस्था तेच नाव मिरवतात. डॉर्मिटरीच्या मुळाशी झोपणे आहे. मठात भिक्षू ओळीने झोपत ते दालन. आपल्याकडे तो शब्द किनाऱ्यावरच्या पर्यटकांना एकेक खाट भाड्याने देणाऱ्यांनी पळवला असल्यामुळे विद्यार्थ्यांसाठी न वापरलेला बरा. आणि लिहिताना वसतिगृह असेच लिहावे. ‘ती’ दीर्घ करणाऱ्या पाट्या बऱ्याच ठिकाणी दिसतात.

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहाचे दार संध्याकाळी लवकर बंद होते, मुलांचे उशिरापर्यंत उघडे असते. सुरक्षेचे कारण देतात. हे योग्य आहे का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

नाही. मी रेक्टर असताना माझ्या वसतिगृहाला रात्री साडेदहाला कुलूप लागे आणि शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाला साडेसातला. ग्रंथालय मात्र नऊपर्यंत उघडे असे. त्या दीड तासाचा हिशेब मी कधी कुणाला विचारला नाही, याची आज खंत वाटते.

तरीही दाराकडे केवळ तुरुंग म्हणून पाहू नये, कारण मुलींच्या निवासाची आपल्याकडची सुरुवात आश्रयातून झाली आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले, आणि १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला. केशवपन आणि घरातली मोलमजुरी यांतून सुटून आलेल्या मुलीला भिंत हवीच होती. बाहेरच्या जगाने तिला परत ओढून नेऊ नये म्हणून. भिंत तीच राहिली, पण आत राहणारी मुलगी बदलली. आता तिला जगापासून लपायचे नसते, जगात जाऊन रात्री परत यायचे असते.

कायदाही आता त्याच दिशेला आहे. २०१५ मध्ये दिल्लीत विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने संध्याकाळच्या वेळी मोबाईल काढून घेण्याच्या नियमाविरुद्ध गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडली. तुम्ही एकट्याने तक्रार करण्यापेक्षा मजल्यावरच्या सगळ्या जणींनी ग्रंथालयाच्या वेळा लिहून, त्या नियमावलीचा उल्लेख करून, सह्यांचे निवेदन द्यावे. रेक्टरला नैतिक आवाहनापेक्षा लेखी नियमाची भीती अधिक वाटते, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रश्न : मुलाला खोलीतला सोबती अभ्यास न करणारा मिळाला तर त्याचे गुण घसरतील का? खोली बदलून मागावी का? (एक आई, डिचोली)

या शंकेवर चांगले संशोधन झाले आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लावल्या जात, याचा फायदा घेऊन ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये दाखवले, की सोबत्याचा पहिल्या वर्षाच्या गुणांवर परिणाम होतो, पण तो थोडा असतो. मोठा परिणाम दिसला तो कुठल्या मंडळीत मिसळायचे यावर. कुठला मुख्य विषय घ्यायचा, यावर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे सोबती गणित बिघडवण्यापेक्षा संध्याकाळ बिघडवण्याची शक्यता अधिक. त्याहून जुने, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेले लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचे एमआयटीमधल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरचे संशोधन सांगते, की मैत्री स्वभावापेक्षाही दारांतल्या अंतरावर ठरते. लगतच्या शेजाऱ्याशी ती सर्वांत अधिक होते आणि दोन-चार दारे पुढे गेले की झपाट्याने कमी होते. तेव्हा सोबत्यापेक्षा आजूबाजूच्या खोल्यांत कोण आहे, हे आधी पाहावे.

खोली एक महिना तरी बदलू नये. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा आधी हार्टली हॉलमध्ये राहिले, तिथले जेवण मानवेना म्हणून बाहेर पडले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना खोलीत नवल भथेना हा पारशी सोबती मिळाला. ती मैत्री जन्मभर टिकली. तिथेही पहिली जागा जमली नव्हतीच.

रॅगिंग असेल तर मात्र महिना थांबू नये, एक दिवसही थांबू नये. मध्ययुगीन युरोपात नव्या विद्यार्थ्याला ‘पिवळ्या चोचीचा’ म्हणत आणि त्याची खोटी शिंगे कापण्याचा विधी करून वर त्याच्याच पैशाने मेजवानी झोडत. परंपरा जुनी आहे म्हणून ती सोसायची नसते. गोव्यात २००८चा रॅगिंगबंदी कायदा आहे, महाराष्ट्रात १९९९चा आहे आणि देशभरासाठी अनुदान आयोगाचे २००९चे नियम आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावे, असे त्या नियमांत म्हटलेले आहे. तुमच्या मुलाच्या वसतिगृहात तसे नसेल, तर प्रवेशाच्या दिवशीच रेक्टरना कारण विचारा.

प्रश्न : सामान काय न्यावे? (पेडण्याच्याच पालकांचा दुसरा प्रश्न)

मी १९७४ मध्ये वास्कोहून मीटर गेजच्या गाडीने निघालो आणि मिरजेला गाडी बदलून पुण्याला पोहोचलो, तेव्हा आईने ट्रंकेत वर्षभर पुरेल एवढी सोलां (आमसुले) भरून दिली होती. त्यांतली निम्मी पहिल्या आठवड्यात मजल्यावर संपली, पण तेवढ्यात सगळ्यांची नावे कळली. म्हणून काहीतरी वाटता येईल असे खाणे अवश्य न्यावे. कपडे वाळवायला दोरी, खिडकीला पडदा, बादली आणि चांगले कुलूप. दुसरी किल्ली मात्र वेगळ्या जागी ठेवायला सांगावे. मी ती जपून ठेवायची म्हणून ट्रंकेतच ठेवली होती.